पाषाण, गेरू आणि आडव्या मानेचं कासव

वैशाखातली रात्र. चाकूरच्या शिवारात, लातूर-नांदेड रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे दिसतील एवढ्या अंतरावर, बोअरची गाडी उभी आहे आणि तुम्ही तिच्याशेजारी. दिवसा पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान पालथं घातलं. नारळ उभा राहिला तिथं खूण केली. संध्याकाळी मालकिणीनं हळदकुंकू वाहिलं. आता कॉम्प्रेसर सुरू झाला आहे, कानात दुसरं काही शिरत नाही, आणि भोकातून उसळणारी भुकटी सगळ्यांच्या भुवयांवर बसते आहे. गाडीवरचा माणूस मशीन क्षणभर थांबवून ओरडतो, "पाणी लागंना झालंय ओ मालक. अजून चार रॉड घालू का?" मालक लगेच उत्तर देत नाही. फुटाला किती रुपये, हा हिशोब त्याच्या डोक्यात चालू आहे. याच लातूर जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अखेर तो मान हलवतो. रॉड जोडला जातो.

तुम्ही त्या रॉडबरोबर खाली चला.

इथं खोली म्हणजेच काळ. पहिल्या काही फुटांत काळी माती, सोयाबीन आणि तूर पोसणारी. तिच्याखाली मुरूम, हातानं फुटणारा. मग मांजऱ्या लागतो: भोकंभोकं असलेला खडक, आणि त्या भोकांत पांढरे खडे. लाव्हा थंड होत असताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर चढला, वरच्या थरात अडकला, आणि पुढं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजं भरली. मांजऱ्याखाली काळा पाषाण येतो, सलग आणि कठीण. हॅमरचा आवाज बदलतो. बराच वेळ पाषाणच. आणि मग अचानक वर येणारी भुकटी विटकरी लाल होते. "गेरू लागला," गाडीवरचा म्हणतो आणि नाखूश होतो, कारण गेरूत बोअरची भिंत ढासळते.

तुम्ही मात्र गेरूत थोडं थांबा. लाव्ह्याचा एक थर आला, निवला, आणि मग दुसरा थर येईपर्यंत मध्ये खूप काळ गेला. तेवढ्या काळात वरचा खडक उन्हापावसानं कुजून माती झाला. त्या मातीवर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. गेरू म्हणजे दोन आगींच्या मधली शांतता. मराठवाड्याच्या जमिनीत अशा शांतता एकावर एक रचलेल्या आहेत, आणि आपण त्या फक्त पाण्यासाठी भोसकत गेलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाणी शोधायलाच हवं. पण जी भुकटी वर येते, तिच्यात काय लिहिलं आहे हे विचारण्याची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही.

खाली चला. पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण, पुन्हा गेरू. हे कुठवर चालायचं, याचं उत्तर या भागानं फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं घरांच्या दगडामातीखाली गेली. त्यानंतर जमिनीच्या पोटात नेमकं काय आहे हे पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत लाव्ह्याचेच थर निघाले. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ. आणि त्याखाली एकदम सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा जुना ग्रॅनाइटी खडक. किल्लारी चाकूरपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. चाकूरला आकडा थोडा वेगळा भरेल, पण घडण तीच.

तो ८ मीटरचा गाळ म्हणजे आगीच्या आधीची जमीन. समुद्रानं इथं जाडजूड थर रचून ठेवलेले नाहीत. होती ती उघडी, झिजलेली, उन्हातली भूमी. त्या गाळात पाय ठेवा आणि बाहेर या.

ऊन आहे. वर्ष ६.७ कोटी वर्षांपूर्वीचं. चाकूर आहे, पण त्याच्या भोवतीचं काहीही नाही. बालाघाटाचे डोंगर नाहीत, सह्याद्री नाही, मांजरा नाही, आजची गोदावरी नाही. काळी मातीसुद्धा नाही, कारण ज्या खडकाची ती होणार तो खडकच अजून पृथ्वीच्या पोटात आहे. पायाखाली तांबूस, भरड माती आणि मधूनच वर आलेला ग्रॅनाइट. थंडीच्या महिन्यांत भर दुपारी तुमची सावली दक्षिणेला पडते, कारण तुम्ही विषुववृत्ताच्या खाली आहात, आज रेयुनियन बेट आहे साधारण त्या अक्षांशांवर. भारत हे चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेलं बेट आहे आणि ते उत्तरेकडं सरकतं आहे, वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगानं. खंडांच्या हिशोबात ही धाव आहे. दिवससुद्धा आपल्या दिवसापेक्षा अर्ध्या तासानं लहान. त्या काळच्या शिंपल्यांवरच्या वाढीच्या रेषा मोजून संशोधकांनी काढलं आहे की सात कोटी वर्षांपूर्वी वर्षात ३७२ दिवस मावत होते.

ईशान्येला चालू लागा. तीनशे किलोमीटर. वाटेत माणसाचं पाऊल कुठंच नाही, पक्ष्यांची किलबिल ओळखीची नाही. पावसाळा मोठा पण थोडक्या दिवसांचा, आणि मग दीर्घ कोरड. माती भेगाळते, चुनखडीचे गोळे वर येतात. या हवामानाशी मराठवाड्याच्या माणसाला जुळवून घ्यायला फार वेळ लागणार नाही. शेवटी एका रुंद, उथळ नदीच्या काठी याल. पाणी गढूळ, काठावर तांबडी आणि हिरवट चिकणमाती. ही जागा पुढं चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ पिसदुरा या नावानं ओळखली जाईल.

आधी वास येतो. मोठ्या जनावरांच्या शेणाचा. काठावर त्याचे ढीग आहेत, आणि पलीकडं ते टाकणारे: लांब मानेचे, चार खांबांसारख्या पायांवर हळू चालणारे डायनासोर. त्यांच्यातल्या एकाची हाडं जवळच्या डोंगरगावला सापडतील आणि १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध होईल. आज त्याचं नाव इसिसॉरस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ठेवलं आहे, आणि त्या संस्थेचा या प्रदेशावर फार मोठा उपकार आहे. पण तुम्ही आत्ता वर पाहू नका, खाली पाहा. त्या शेणात गवत आहे. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या शेणातून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण वेगळे करून दाखवले. तोवर जगभर असं धरलं जाई की डायनासोर आणि गवत एकमेकांना भेटलेच नाहीत. २०११ मध्ये त्याच कणांतून भाताच्या कुळाचे पूर्वजही ओळखले गेले. ज्या भातावर पुढं विदर्भाचा पूर्वभाग जगणार, त्याचे नातलग या काठावर उगवले आहेत आणि डायनासोर ते खात आहेत.

चिखलात पालथे पडा. गवतातून सरकणाऱ्या जाड सापाला जाऊ द्या. त्याच्या मणक्यांना एक दिवस मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस हे नाव मिळणार आहे. तुमच्यापासून चार हातांवर, पाण्यातून वर आलेल्या उतारावर, एक कासव ऊन खात बसलं आहे.

सावकाश बघा. पाठ बुटकी, पसरट; पोहणाऱ्याची पाठ. ढालीवरचे खवले एकमेकांना भिडतात त्या रेषा उन्हात स्पष्ट दिसतात. या रेषांचा ठसा खालच्या हाडावर खाचेच्या रूपानं उमटतो, आणि साडेसहा कोटी वर्षांनी हाताच्या पंजाएवढा तुकडा सापडला तरी जाणकार त्या खाचांवरून सांगतो, हे कासव. आता जरा हला. एवढंसं. कासवाला तुमची चाहूल लागते, आणि ते जे करतं ते तुम्ही आयुष्यात पाहिलेल्या कोणत्याही कासवानं केलेलं नाही. आपल्या विहिरीतलं, तळ्यातलं कासव मान सरळ मागं ओढून घेतं आणि डोकं ढालीत नाहीसं होतं. हे कासव मान आडवी वळवतं. ओसरीवर परका माणूस आला की जुन्या घरातली बाई मान एका अंगाला वळवून पदराआड व्हायची, तसं ते डोकं बाजूला नेऊन पाठीच्या कडेखाली दडवतं. एक डोळा बाहेरच राहतो. त्या डोळ्यानं ते तुमच्याकडं बघत राहतं.

कासवांच्या जगात हा फरक फार जुना आहे. मान आत ओढणारी आणि मान बाजूला वळवणारी, असे दोन मोठे वंश कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. बाजूला वळवणाऱ्यांचं कमरेचं हाड ढालीला पक्कं जोडलेलं असतं, दुसऱ्यांचं मोकळं. आज मान वळवणारी कासवं दक्षिण अमेरिकेत आहेत, आफ्रिकेत आणि मादागास्करात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. भारतात एकही नाही. आणि एके काळी हीच आपली कासवं होती.

पिसदुऱ्याचं नाव विज्ञानात पहिल्यांदा आणलं नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. या कासवाला मात्र नाव मिळायला १९७७ उजाडलं. सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन यांनी त्याचं वर्णन केलं आणि पिसदुऱ्याचं नाव त्याच्यामागं लावलं. पुढं ते एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवलं गेलं. शेवटी २०२० मध्ये वॉल्टर जॉयस आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी पिसदुरा आणि डोंगरगावचे सगळे अवशेष पुन्हा हाताळले आणि त्याला स्वतंत्र प्रजाती दिली: जैनेमिस पिसदुरेन्सिस. ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्याचं नाव आणि जिथं सापडलं त्या गावाचं नाव. मला हे बारसं फार आवडतं.

पण बेटावर हे कासव आलं कसं? ते कळायला समुद्र गाठावा लागेल, आणि आणखी मागं जावं लागेल.

नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोर मादागास्कर आहे. इतकी वर्षं ते भारताला चिकटून होतं आणि आता मध्ये पाणी शिरतं आहे. हे पाणी रुंदच होत जाणार. मादागास्करमध्ये डायनासोरांच्या अखेरच्या काळातल्या एका कासवाची कवटी सापडली. २००९ मध्ये तिला किंकोनिकेलिस असं नाव मिळालं. ती कवटी तमिळनाडूतल्या अरियालूरजवळच्या कल्लमेडूच्या कासवाशी जुळते. त्या कासवाचं नाव कुर्मादेमिस, २००१ सालचं. त्यांच्याच गोतावळ्यात आपलं पिसदुऱ्याचं कासव बसतं. मध्ये शेकडो किलोमीटर समुद्र, आणि दोन्हीकडं एकच भाऊबंदकी. जमीन फाटली तेव्हा घर फाटलं, आणि दोन्ही वाटण्यांत कासवं राहिली, असं मानायला भक्कम जागा आहे.

याच मोठ्या कुळातल्या इतर शाखा खाऱ्या पाण्याला घाबरल्या नव्हत्या. त्यांची हाडं मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींत आणि अमेरिकेच्या न्यू जर्सीच्या किनारी थरांत मिळतात. गोड्या पाण्यातून खाडीत, खाडीतून उथळ समुद्रात. मान वळवणाऱ्यांनी समुद्राचा उंबरठा ओलांडला होता. मात्र समुद्र खऱ्या अर्थानं जिंकला तो दुसऱ्या वंशानं, आणि त्यातलं सर्वांत प्रचंड कासव पाहिल्याशिवाय परत फिरणं मला पटत नाही.

म्हणून आता साडेसात कोटी वर्षांच्या आसपास या, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. उत्तर अमेरिकेला उभं चिरत जाणारा एक उथळ समुद्र आहे. तुम्ही त्यात आहात, पाणी कोमट, खाली मऊ काळा गाळ. वरचा उजेड अचानक मंद होतो. तुमच्या डोक्यावरून काहीतरी जातं आहे आणि जातच आहे. आर्केलॉन. चोचीपासून शेपटीपर्यंत साडेचार मीटरच्या वर, वजन दोन टनांहून जास्त. चाकूरच्या एखाद्या घराची सोप्याची खोली ते एकटं भरेल. पुढचे दोन पाय पाय राहिलेलेच नाहीत. लांब वल्ही झाली आहेत, आणि ती वर-खाली हलतात तशी तुमच्या अंगावर पाण्याची लाट येते. पाठीवर सलग हाडाची ढाल नाही. बरगड्यांची चौकट आहे आणि तिच्यावर चामडं. वजन वाचवण्याची ही युक्ती आज फक्त चामडपाठी समुद्रकासवात उरली आहे. चोच खाली वाकलेली, धारदार.

ते वळतं, आणि तुम्हाला दिसतं की मागचा उजवा पाय अर्धाच आहे.

हे मी रचून सांगत नाही. १८९५ मध्ये जॉर्ज वीलंड यांना दक्षिण डाकोटात शाएन नदीजवळ हे कासव सापडलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आर्केलॉन हे नाव जाहीर केलं. येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात असलेल्या त्या पहिल्या सांगाड्याचा उजवा मागचा पाय गुडघ्याखाली नाही. वीलंड यांनी हाडं तपासून म्हटलं की तो लहानपणीच कुणीतरी तोडला असावा. त्या समुद्रात तोडणारे भरपूर होते. मोसासॉर नावाच्या सागरी सरड्यांचे जबडे त्याच खडकांत निघतात. म्हणजे तीन पायांवर पोहत हे जनावर वाढलं, प्रचंड झालं, आणि मग मेलं. वीलंडची ती नोंद वाचली तेव्हापासून आर्केलॉन माझ्यासाठी निव्वळ आकडा राहिला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. समुद्रकासव कितीही समुद्राचं झालं तरी अंडी जमिनीवरच घालतं. त्या पिलांना अंड्यात हवा लागते. पाण्यात ती गुदमरतील. आज कोकणात वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळू उकरतात, चाळीस-पन्नास किलो अंग ओढत येतात आणि पहाटेच्या आत परततात. तेच ओझं दोन टनांचं करून पाहा.

परत फिरा. आर्केलॉनचं कूळ डायनासोरांबरोबर संपणार आहे, आणि आपल्याला ६.६ कोटी वर्षांपूर्वी चाकूरला असायला हवं.

पश्चिमेकडची क्षितिजरेषा रात्री लाल दिसते. कित्येक दिवसांपासून हवेत गंधकाचा उग्र वास आहे, घसा सोलवटला आहे, पावसाचं पाणी डोळ्यांना झोंबतं. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या मनात उंच शंकू आणि वर उडणारी राख येते. इथं तसं नाही. दूर पश्चिमेला जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून लाव्हा पाझरतो आहे, दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं. तो तुमच्यापर्यंत येतो तेव्हा आगीची नदी दिसत नाही. एक काळी, तडतडणारी भिंत दिसते, माणसाच्या चालीपेक्षाही हळू पुढं येणारी. वरची साल थिजलेली असते आणि आतून लाव्हा येतच राहतो. साल फुगते, उचलली जाते, फाटते, नारिंगी जिभा बाहेर पडतात. सालीच्या आड उष्णता टिकते, म्हणून तो अफाट लांब जाऊ शकतो. तुमच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या, तांबूस माती, गवत, सगळं त्याच्याखाली जातं.

त्याच्याबरोबर पूर्वेला चला. तुम्हाला चाकूरपासून साडेपाचशे किलोमीटर चालावं लागेल, तेव्हा तुम्ही आंध्रातल्या आजच्या राजमहेंद्रीला पोचाल. तिथं समुद्र आहे. सह्याद्रीच्या बाजूचा लाव्हा सुमारे हजार किलोमीटर वाहत जाऊन तिथल्या खाडीत उतरला, असं त्या थरांच्या रासायनिक जुळणीवरून संशोधकांनी २००८ साली मांडलं. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते. राजमहेंद्रीच्या खाणींत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळ आहे आणि त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे कवचधारी जीव आहेत, फोरामिनिफेरा. ते महाविनाशानंतरच्या अगदी पहिल्या काळातले आहेत. म्हणजे एका थरानंतर आणि दुसऱ्याच्या आधी, कधीतरी, जगाचं पान उलटलं. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उल्का आदळली, इकडं दख्खन जळतच होतं, आणि डायनासोर गेले.

समुद्र आतवरही डोकावला होता. आसिफाबादच्या, म्हणजे नांदेड-चंद्रपूरच्या शेजारच्या भागातल्या थरांत पाकट माशांचे दात मिळाले आहेत. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ झिलमिलीला २००९ मध्ये समुद्री फोरामिनिफेरा मिळाले. बेटाच्या अंगात खाड्या खोल घुसल्या होत्या. चाकूरपासून समुद्र आज वाटतो तितका परका नव्हता.

आता उलट चाला आणि वाटेत विकाराबादजवळच्या नस्कलला थांबा, चाकूरच्या आग्नेयेला. लाव्हा निवून बराच काळ झाला आहे. खोलगट भागात पाणी साठलं आहे, काठाला झाडोरा, पाण्यात शंखांच्या गोगलगाई. पालापाचोळ्यात चिचुंद्रीएवढा एक सस्तन प्राणी खुडबुडतो आहे. १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी त्याचे दात जगापुढं ठेवले: डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी, भारतातला त्या काळचा पहिला ज्ञात सस्तन प्राणी. पिसदुऱ्याच्या हिस्लॉपचं नाव इथं पुन्हा भेटतं. दख्खन नुसतं जळत नव्हतं. दोन जळण्यांच्या मधल्या वेळात ते जगतही होतं.

कासवं या सगळ्यातून तरली. कशी, याचं सर्वांत पटणारं उत्तर त्यांच्या गरजांत आहे. थंड रक्ताच्या प्राण्याला अन्न थोडं पुरतं. महिनोन् महिने काही न मिळालं तरी तो टिकतो. शिवाय तळ्यातलं जग फक्त हिरव्या पाल्यावर चालत नाही, कुजलेल्या पाचोळ्यावरही चालतं. सूर्य झाकोळला, झाडं वठली, तरी तळाचा गाळ काही काळ सगळ्यांना पोसत राहिला.

पुरावा हवा तर मुंबईला या. अर्थात मुंबई नाही. जोगेश्वरी-आंबोली आणि वरळीच्या जागी लाव्ह्याच्या थरांमधली, महाविनाशानंतरची उथळ तळी आहेत. पश्चिमेला भूमी ताणली जाते आहे. सेशेल्सचा तुकडा वेगळा होणार आणि त्या फटीत अरबी समुद्र येणार. तळ्यात बेडकांचा सुकाळ आहे, बोटाच्या पेराएवढे बेडूक. वरळीच्या टेकडीतल्या त्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केलं. १८५२ मध्ये मुंबईतले सर्जन हेन्री जॉन कार्टर यांनी तिथल्याच कासवाचं वर्णन केलं. ते ज्यांना मिळालं त्या डॉक्टर लीथ यांच्या नावावरून त्याला लीथी म्हटलं, आणि पुढं प्रजातीला कार्टर यांचं नाव लागून ते कार्टेरेमिस लीथी झालं. भारतात पहिली प्रवासी रेल्वे धावली त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत कुणीतरी या कासवाची हाडं जुळवत बसलं होतं. आणि २००३ मध्ये आंबोलीच्या खाणीतून निघालेल्या कवटीला सांकुचेमिस सेठनाय हे नाव मिळालं. हेही मान वळवणारं, कल्लमेडूच्या कुर्मादेमिसचं सख्खं नातलग. एक कूळ, तीन ठिकाणं: चंद्रपूरचं नदीपात्र, तमिळनाडूचा पूरमैदानी प्रदेश, मुंबईचं तळं. बेटभर त्यांचा संसार होता.

पुढं भारत आशियाला जाऊन भिडला. उत्तरेकडून मान आत ओढणारी कासवं आली आणि आज आपल्या नद्यांत तीच आहेत. शिव मंदिराच्या सभामंडपात गाभाऱ्याकडं तोंड करून जे दगडी कासव असतं, तेही त्यांच्याचकडं बघून घडवलेलं. आडव्या मानेच्या कासवाला एकाही मराठी पाथरवटानं पाहिलं नाही. ते फक्त पाषाणानंच पाहिलं.

म्हणून आता वर्तमानात या आणि दिवसा उजेडी चाकूरहून अहमदपूरकडं निघा. जिथं रस्त्यासाठी टेकाड कापलं आहे तिथं गाडी बाजूला घ्या. कापलेल्या अंगावर थर वाचा: वर मांजऱ्या, खाली पाषाण, मग लालसर गेरूचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. गेरूत हाडं टिकणं अवघड. भाजून निघालेली माती ती. तुम्ही शोधायचा तो दुसराच पट्टा. दोन काळ्या थरांच्या मध्ये फिकट, पांढुरका किंवा हिरवट, पातळ पदरांनी बनलेला, कधी गारगोटीसारखा घट्ट झालेला. तो तळ्याचा गाळ. त्यात नखाएवढ्या गोगलगाईंचे शंख दिसले तर ती खूण पक्की समजा; अशाच थरांत नस्कलचे दात आणि वरळीचे बेडूक मिळाले. विहिरीच्या ढिगात, शेततळ्याच्या खोदाईत, खडी क्रशरच्या खाणीत, कुठंही तो वर आलेला असू शकतो.

दिसलाच तर फोडू नका. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून फोटो घ्या. जागा, आणि विहीर असेल तर खोली फुटांत, लिहून ठेवा. सुटे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर तारीख घाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. पिसदुऱ्याच्या थरांवर त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक त्याहून जवळ आहेत. आणि तुकड्याच्या पृष्ठभागावर दोन खाचा एकमेकींना मिळताना दिसल्या, तर फोटो पाठवताना त्या बाजूवर तिरका उजेड पडेल असा घ्या. खवल्यांची सीमा सरळ उजेडात दिसत नाही.